‘किलो प्रति सेंटीमीटर’ नव्हे : सर्व्हो मोटरचा टॉर्क आणि एककांचे रूपांतर

शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत आता यांत्रिक हात, आपोआप उघडणारे फाटक, सूर्याकडे तोंड वळवणारे सौर पटल असे प्रकल्प मोठ्या संख्येने दिसतात. त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात सर्व्हो मोटर नावाची लहानशी मोटर असते. प्रकल्पासोबत विद्यार्थ्याने मराठीत लिहिलेला अहवाल ठेवलेला असतो आणि त्यात एक वाक्य वारंवार वाचायला मिळते : ‘या मोटरची ताकद दहा किलो प्रति सेंटीमीटर आहे.’

वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. शुद्धलेखनाचीही चूक नाही. तरी त्यातल्या ‘प्रति’ या एका शब्दाने अर्थ पार उलटा झाला आहे. त्या विद्यार्थ्याने यांत्रिक हाताची लांबी वीस सेंटीमीटर ठेवली, तर ही मोटर हाताच्या टोकाशी किती वजन पेलेल? वाक्य वाचणाऱ्याला वाटेल, दहा किलो तरी पेलेल. प्रत्यक्षात ती जेमतेम अर्धा किलो पेलते, तेही अखेरच्या ताकदीला टेकून. हात उचलला जात नाही, मोटर गुरगुरते, तापते, दाते झिजतात. आणि विद्यार्थ्याला वाटते की आपली जोडणी चुकली. जोडणी बरोबर असते. चूक एककात असते, आणि ती भाषेतून आलेली असते. म्हणूनच हा विषय तंत्रज्ञांपुरता नाही. मराठीतून लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

टॉर्क म्हणजे काय?

दगडी जात्याचा खुंटा नेहमी पाळीच्या कडेजवळ असतो. तो मधल्या खिळीजवळ रोवला असता, तर तेच जाते फिरवताना घाम फुटला असता. दाराची कडी बिजागरीपासून सर्वांत लांबच्या कडेला असते, तीही याच कारणाने. एखादी वस्तू आसाभोवती फिरवायची तर नुसते किती बळ लावले हे सांगून भागत नाही. ते आसापासून किती अंतरावर लावले हेही सांगावे लागते. हे बल आणि आसापासून त्याचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. हिंदी माध्यमातून शिकलेल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याला ‘बल आघूर्ण’ हा शब्द ओळखीचा असतो. मराठी परिभाषेत ‘परिबल’ हा शब्द आहे. कारखान्यात आणि गॅरेजात सगळे ‘टॉर्क’च म्हणतात. या लेखात तोच शब्द वापरला आहे.

येथे ‘गुणाकार’ हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या मोटरचा टॉर्क १० किलो-सेंटीमीटर आहे, याचा अर्थ बल आणि अंतर यांचा गुणाकार १० होईपर्यंत ती जोर लावू शकते. एक सेंटीमीटर अंतरावर १० किलो, दोन सेंटीमीटरवर ५ किलो, पाच सेंटीमीटरवर २ किलो आणि वीस सेंटीमीटरवर अर्धा किलो. अंतर वाढले की पेलता येणारे वजन त्याच प्रमाणात घटते.

‘प्रति’ केव्हा आणि जोडरेघ केव्हा?

मराठीत ‘प्रति’, ‘दर’, ‘मागे’ हे शब्द आणि ‘एकरी’, ‘ताशी’ अशी रूपे भागाकार सांगतात. एकरी दहा क्विंटल म्हणजे एकूण पीक भागिले एकर. ताशी साठ किलोमीटर म्हणजे अंतर भागिले तास. एकर दुप्पट झाले तर पीक दुप्पट, तास दुप्पट झाले तर अंतर दुप्पट, असा हिशेब या शब्दांत दडलेला असतो. टॉर्कला ‘प्रति’ लावला की वाचकाच्या मनात हाच हिशेब सुरू होतो, आणि तो चुकीचा असतो.

गुणाकाराची एककेही आपल्या व्यवहारात आहेत. पाच मजुरांनी चार दिवस काम केले तर वीस मनुष्यदिवस झाले असे आपण म्हणतो. ‘माणूस प्रति दिवस’ असे म्हणत नाही. विजेच्या बिलावरचे ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट पडते, हाही गुणाकारच. तरीही ‘किलोवॅट प्रति तास’ अशी चूक बातम्यांत आढळते. किलो-सेंटीमीटरची गोष्ट नेमकी तीच आहे.

हा ‘प्रति’ येतो कुठून? विक्रेत्यांच्या अनेक यादीपत्रकांत किलोग्रॅम आणि सेंटीमीटर यांच्या संक्षेपांमध्ये तिरपी रेघ छापलेली असते. तिरपी रेघ भागाकाराची खूण असल्याने अनुवाद करणारा प्रामाणिकपणे ‘प्रति’ लिहितो. मूळ चूक यादीपत्रकाची असते, पण मराठीत ती पक्की होते, कारण तिरपी रेघ निसटती असते आणि ‘प्रति’ हा स्पष्ट शब्द असतो. अशा ठिकाणी अनुवादकाने अर्थ पाहावा, रेघ पाहू नये.

एकाच मोटरसाठी तीन एकके

छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्व्हो मोटरांचा टॉर्क मुख्यतः तीन एककांत दिलेला असतो : किलोग्रॅम-सेंटीमीटर, औंस-इंच आणि न्यूटन-मीटर. आशियातील उत्पादकांचा कल पहिल्याकडे, अमेरिकी बाजाराचा दुसऱ्याकडे, आणि भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक तिसऱ्यात बोलते.

पहिल्या एककातला ‘किलोग्रॅम’ हा वस्तुमानाचा किलोग्रॅम नव्हे. टॉर्कमध्ये बल असते, वस्तुमान नसते. येथे अभिप्रेत आहे ते एक किलोग्रॅम वस्तुमानाचे पृथ्वीवरील वजन, म्हणजे ‘किलोग्रॅम-बल’. बाजारात आपण ‘दोन किलो वजन’ म्हणतो तेव्हा हा फरक मनात नसतो आणि तिथे काही बिघडतही नाही. परंतु न्यूटनमध्ये रूपांतर करताना तो आठवावाच लागतो. पृथ्वीवर गुरुत्व त्वरण जागोजागी किंचित बदलते. म्हणून १९०१ साली वजने व मापे यांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने त्याचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति वर्ग सेकंद असे ठरवले. (येथला ‘प्रति’ मात्र बरोबर आहे.) त्यामुळे १ किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८०६६५ न्यूटन.

दुसऱ्या एककातला ‘औंस’ हाही नीट ओळखून घ्यावा. सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव ज्या औंसात सांगतात तो ट्रॉय औंस, सुमारे ३१.१ ग्रॅमचा. जुन्या औषधाच्या बाटलीवरचा औंस द्रवाचे आकारमान सांगतो. मोटरच्या यादीपत्रकातला औंस म्हणजे पौंडाचा सोळावा भाग, २८.३४९५ ग्रॅम, आणि तोही बल म्हणून वापरलेला. चुकून सोन्याचा औंस धरला तर उत्तर जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगते.

एकच शब्द आणि निरनिराळी मापे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. ब्रिटिश काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा होता. नुसते ‘दहा मण’ म्हटले तर व्यापारी आधी विचारायचा, कुठला मण? १९५६ च्या वजने-मापे कायद्याने देशभर दशमान पद्धत आली आणि तो प्रश्न मिटला. यादीपत्रक वाचताना तोच जुना प्रश्न पुन्हा विचारायचा आहे.

रूपांतराची रीत

गुणक पाठ करण्यापेक्षा ते कसे निघतात हे एकदा समजून घेणे चांगले. मग विसरले तरी पुन्हा काढता येतात.

औंस-इंचापासून सुरुवात करू. एक औंस म्हणजे २८.३४९५ ग्रॅम आणि एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटीमीटर. टॉर्क हा गुणाकार असल्याने दोन्ही आकडे गुणायचे : २८.३४९५ × २.५४ = ७२.००८. म्हणून एक औंस-इंच म्हणजे सुमारे ७२ ग्रॅम-सेंटीमीटर, अर्थात ०.०७२ किलोग्रॅम-सेंटीमीटर.

आता किलोग्रॅम-सेंटीमीटरकडून न्यूटन-मीटरकडे. एक किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८०६६५ न्यूटन आणि एक सेंटीमीटर म्हणजे ०.०१ मीटर. गुणाकार ०.०९८०६६५. म्हणून एक किलोग्रॅम-सेंटीमीटर म्हणजे सुमारे ०.०९८१ न्यूटन-मीटर.

यावरून फळ्यावर लिहून ठेवण्याजोगे कोष्टक असे होते :

१ किलोग्रॅम-सेंटीमीटर = ०.०९८१ न्यूटन-मीटर = १३.८९ औंस-इंच
१ औंस-इंच = ०.०७२ किलोग्रॅम-सेंटीमीटर = ०.००७०६ न्यूटन-मीटर
१ न्यूटन-मीटर = १०.२ किलोग्रॅम-सेंटीमीटर = १४१.६ औंस-इंच

गुणायचे की भागायचे, असा गोंधळ विद्यार्थ्यांचा नेहमी होतो. त्यावर रुपये-पैशांची आठवण पुरेशी आहे. तीच रक्कम पैशांत सांगितली तर आकडा मोठा होतो, कारण पैसा लहान आहे. तिन्ही एककांत औंस-इंच सर्वांत लहान, म्हणून त्यातला आकडा सर्वांत मोठा यायला हवा. न्यूटन-मीटर सर्वांत मोठे, म्हणून त्यातला आकडा सर्वांत लहान. उत्तर याच्या उलट आले तर गुणण्याच्या जागी भागले गेले आहे, असे समजावे.

तोंडी अंदाजासाठी किलोग्रॅम-सेंटीमीटरचा आकडा दहाने भागला की न्यूटन-मीटर मिळतात. त्यात सुमारे दोन टक्के चूक राहते. चौदाने गुणला की औंस-इंच मिळतात; त्यात चूक एक टक्क्याहूनही कमी. दुकानात उभे राहून निवड करायला एवढे पुरते. अहवालात मात्र नेमका गुणक वापरावा.

तीन मोटरांची तुलना

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. छंदप्रेमींमध्ये प्रचलित असलेल्या तीन मोटरा आहेत. टॉवरप्रो एसजी-९० ही अवघ्या नऊ ग्रॅमची मोटर. तिचा टॉर्क १.८ किलोग्रॅम-सेंटीमीटर. फुताबा एस-३००३ चा टॉर्क ४४ औंस-इंच. टॉवरप्रो एमजी-९९६आर चा टॉर्क ९.४ किलोग्रॅम-सेंटीमीटर. तिन्ही आकडे ४.८ व्होल्टचे आहेत.

एककाकडे न पाहता नुसते आकडे वाचले तर क्रम असा लागतो : ४४, ९.४, १.८. मधल्या आकाराची मोटर सर्वांत बलवान वाटते. आता सगळे न्यूटन-मीटरमध्ये आणू.

एसजी-९० : १.८ × ०.०९८१ = ०.१८ न्यूटन-मीटर
एस-३००३ : ४४ × ०.००७०६ = ०.३१ न्यूटन-मीटर
एमजी-९९६आर : ९.४ × ०.०९८१ = ०.९२ न्यूटन-मीटर

४४ आकड्याची मोटर ९.४ आकड्याच्या मोटरच्या एकतृतीयांश ताकदीची निघाली. उलट बाजूने पडताळा घ्यायचा तर एमजी-९९६आर चा टॉर्क औंस-इंचांत सुमारे १३१ येतो आणि एसजी-९० चा २५. क्रम तोच राहतो. एकक बदलले तरी क्रम बदलत नाही, हीच रूपांतर बरोबर झाल्याची खूण.

उत्तरात किती अंक ठेवायचे, हेही येथेच सांगावे. गणकयंत्र ४४ औंस-इंचांचे ०.३१०७०८ न्यूटन-मीटर दाखवते. पण मूळ आकड्यात दोनच सार्थ अंक आहेत. रूपांतराने माहिती वाढत नाही. ०.३१ लिहिणे हेच खरे.

एकक सारखे झाले, तरी तुलना झाली का?

एकके जुळवली म्हणजे तुलना पूर्ण झाली असे नाही. आणखी दोन गोष्टी सारख्या असाव्या लागतात.

पहिली, विजेचा दाब. एस-३००३ चा टॉर्क ४.८ व्होल्टला ४४ औंस-इंच असतो, तर ६ व्होल्टला ५७. एमजी-९९६आर चा ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलोग्रॅम-सेंटीमीटर. जाहिरातीत साहजिकच मोठा आकडा ठळक असतो. एका मोटरचा ६ व्होल्टचा आकडा आणि दुसरीचा ४.८ व्होल्टचा आकडा शेजारी ठेवले, तर एकक सारखे असूनही तुलना फसवी होते. पेन्सिल सेलचा दाब १.५ व्होल्ट, म्हणजे चार सेल ओळीने लावले की ६ व्होल्ट. पुनर्भारित होणाऱ्या निकेलच्या सेलचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे चार सेलांचे ४.८. हे दोन आकडे यादीपत्रकात का असतात, ते यावरून कळेल. आपल्या प्रकल्पात कोणता दाब मिळणार, त्याच ओळीतला आकडा घ्यावा.

दुसरी गोष्ट, हा टॉर्क कोणत्या स्थितीतला आहे. यादीपत्रकातला आकडा बहुधा ‘स्टॉल टॉर्क’ असतो, म्हणजे भार एवढा वाढला की मोटर अडून जागीच थांबते, त्या क्षणीचा. त्या वेळी मोटर सर्वाधिक विद्युतप्रवाह ओढते आणि लवकर तापते. बैल जास्तीत जास्त किती ओझे जागेवरून हलवू शकतो आणि दिवसभर किती ओढू शकतो, हे दोन वेगळे आकडे आहेत. म्हणून नित्याच्या कामासाठी स्टॉल टॉर्कच्या निम्म्याहून कमी, शक्य तर एकतृतीयांश एवढाच भार धरावा, असा सावध नियम पाळलेला बरा.

एक पूर्ण हिशेब

यांत्रिक हाताची लांबी १५ सेंटीमीटर आहे. टोकाशी १०० ग्रॅम वजनाची वस्तू उचलायची आहे. हाताच्या पट्टीचे स्वतःचे वजन ६० ग्रॅम आहे आणि पट्टी सगळीकडे सारखी आहे, म्हणून तिचे वजन मध्यावर, म्हणजे ७.५ सेंटीमीटरवर धरायचे. हात आडवा असतो तेव्हा लंब अंतर सर्वाधिक असते, म्हणून हिशेब त्याच स्थितीचा करायचा.

वस्तूमुळे : ०.१ × १५ = १.५ किलोग्रॅम-सेंटीमीटर
पट्टीमुळे : ०.०६ × ७.५ = ०.४५ किलोग्रॅम-सेंटीमीटर
एकूण : १.९५ किलोग्रॅम-सेंटीमीटर, म्हणजे ०.१९ न्यूटन-मीटर

एसजी-९० चा स्टॉल टॉर्कच १.८ आहे, ती येथे हरणार. एस-३००३ चा ३.१७ आहे, त्याचा निम्मा १.६ च्या आसपास, म्हणजे ती हात उचलेल पण सुखाने नाही. एमजी-९९६आर चा एकतृतीयांशही ३.१ होतो, म्हणून ती निवडावी. पट्टीचे वजन बहुतेक विद्यार्थी विसरतात. या उदाहरणात ते विसरले असते तर एसजी-९० पुरेशी वाटली असती, कारण १.८ हे १.५ पेक्षा मोठे आहे.

मराठीत लिहिताना

शेवटी लेखनाविषयी. टॉर्कचे एकक लिहिताना दोन एककांमध्ये जोडरेघ किंवा मध्यबिंदू असावा, तिरपी रेघ नसावी. बोलताना ‘किलो-सेंटीमीटर’ म्हणावे, ‘प्रति’ म्हणू नये. पहिल्या उल्लेखात ‘किलोग्रॅम-बल’ असे लिहून पुढे व्यवहारातले रूप वापरले तरी चालेल. संक्षेप करताना ऱ्हस्व-दीर्घाकडे विशेष लक्ष द्यावे : ‘मिमी’तला पहिला ‘मि’ मिलीचा आणि दुसरा ‘मी’ मीटरचा, तो एक ‘मि’ मुद्रणात गळाला तर उत्तर हजारपट बदलते. म्हणून शालेय लेखनात न्यूटन-मीटर, न्यूटन-सेंटीमीटर अशी नावे पूर्ण लिहावीत. जागा थोडी जास्त जाते, पण वाचणारा फसत नाही. ‘न्यूटनमीटर’ असे जोडून लिहिल्यास बल मोजण्याचे उपकरण, असाही अर्थ होतो. म्हणून तेथेही जोडरेघ हवी. आणि आकड्याशेजारी विजेचा दाब लिहायला विसरू नये : ‘४.८ व्होल्टला ९.४ किलोग्रॅम-सेंटीमीटर’ हे पूर्ण विधान आहे, नुसते ‘९.४’ नाही.

मराठीतून विज्ञान शिकवता येते का, असा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या शाळांत आजही पालक विचारतात. त्याचे उत्तर भाषणाने देता येत नाही. मराठीत लिहिलेला हिशेब वाचून मुलीने जोडलेला हात पहिल्याच प्रयत्नात उचलला गेला, तर ते उत्तर आपोआप मिळते. त्यासाठी आपल्या वाक्यातला प्रत्येक शब्द, अगदी ‘प्रति’सुद्धा, मोजून घातलेला असावा लागतो.